गाण्याचे मालक तीन: ऑनलाइन व्हिडिओसाठी परवानगी कशी मिळवायची

इंदूरच्या जुन्या मराठी घरांवर आमच्या मंडळाने चौदा मिनिटांची एक फिल्म केली. रामबाग, इमली बाजार, राजवाड्यामागच्या गल्ल्या, पडत चाललेले वाडे, ओसरीवरचे झोपाळे आणि त्या घरांत अजून राहणारी माणसं. शेवटच्या दृश्यात एक आजी तुळशीपाशी दिवा लावतात. त्याखाली आम्ही एक जुनं भावगीत टाकलं होतं, आणि ते असं बसलं होतं की पहिल्यांदा बघताना कार्यकारिणीतले दोघे जण डोळे पुसत होते. यूट्यूबवर चढवल्यावर तासाभरात कॉपीराइटचा क्लेम आला. गाण्याच्या मालकांनी भारतात ब्लॉक असं ठरवलेलं होतं, त्यामुळे फिल्म दिसेनाशी झाली. लिंक मात्र तोवर चार व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरली होती. अध्यक्षांना पुण्याहून, नागपूरहून फोन यायला लागले, "अहो, उघडतच नाहीये."

चूक सरळसरळ आमची होती. एडिटिंगला बसलेल्या मुलाला मी विचारलं होतं, तर तो म्हणाला, "भिया, एक मिनिटाच्या आत काही होत नाही." मी मान डोलावली. त्यानंतरचे तीन महिने त्याच गाण्याची रीतसर परवानगी मिळवण्यात गेले. ती मिळाली, फिल्म परत लागली. त्या तीन महिन्यांत जे कळलं ते इथे क्रमाने लिहितो. मी वकील नाही. मोठी रक्कम गुंतलेली असेल तर वकिलाला विचारा. पण मंडळाची फिल्म, पॉडकास्ट, शाळेचं स्नेहसंमेलन, छोट्या दुकानाची जाहिरात, एवढ्यासाठी हे पुरतं.

आधी गाणं उलगडून बघा

आपण "गाणं" म्हणतो ती कायद्याच्या नजरेत एक वस्तू नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात शब्द येतात साहित्यकृती म्हणून, चाल येते संगीतकृती म्हणून, आणि स्टुडिओत गाऊन-वाजवून जे टेप झालं ते ध्वनिमुद्रण म्हणून. तिघांचे हक्क वेगळे, मुदती वेगळ्या, आणि पुष्कळदा मालकही वेगळे. गायक-वादकांचे म्हणून आणखी हक्क आहेत, पण जुन्या कंपनीच्या रेकॉर्डवर ते सहसा कंपनीच्या करारातच आटोपलेले असतात. आपण स्वतः कुणाला गायला बोलावलं तर मात्र ते आपल्याला बघावे लागतात. त्याकडे पुढे येतोच.

धंद्यातली माणसं तीन शब्द सारखे वापरतात. ध्वनिमुद्रणाला ती "मास्टर" म्हणतात, शब्द-चालीच्या हक्काला "पब्लिशिंग", आणि गाणं चित्रावर बसवण्याच्या परवानगीला "सिंक". फिल्मखाली एखादं प्रसिद्ध रेकॉर्डिंग जसंच्या तसं वाजवायचं तर मास्टरही लागतो आणि शब्द-चालीचं सिंकही. कंपनीच्या माणसाशी बोलताना हे शब्द वापरले की तो तुम्हाला जरा गांभीर्याने घेतो, हा माझा अनुभव.

चित्रपटगीत असेल तर काम त्यातल्या त्यात सोपं. पूर्वी निर्माता गीतकार-संगीतकाराला पैसे देऊन काम करून घ्यायचा, आणि हक्क निर्मात्याचे धरले जायचे. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली तसाच कौल दिला होता. निर्मात्याकडून ते हक्क म्युझिक कंपनीकडे जायचे. म्हणून जुन्या चित्रपटगीताचे तिन्ही भाग बरेचदा एकाच कंपनीकडे सापडतात. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीचा वाटा कायद्याने बांधून दिला, पण तुम्ही दार ठोठवायचं ते आधी कंपनीचंच.

भावगीत, भक्तिगीत, खासगी अल्बम इथे गुंता असतो. रेकॉर्ड एका कंपनीची, चाल संगीतकाराने स्वतःकडे ठेवलेली, शब्द कवीच्या मुलांकडे. आमचं गाणंही याच प्रकारातलं निघालं, फक्त त्याचे शब्द कंपनीकडेच असल्याचं कळलं. (गाण्याचं नाव मुद्दामच लिहीत नाही. कारण पुढे कळेल.)

इथे एक गैरसमज बाजूला करतो, कारण आमच्या खजिनदारांनी तो छातीठोकपणे मांडला होता. "आपण हॉलच्या कार्यक्रमाला आयपीआरएसचं लायसन्स घेतलंय की!" इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी ही गीतकार, संगीतकार आणि प्रकाशकांची संस्था, १९६९ पासूनची. कार्यक्रमात, हॉटेलात, समारंभात गाणं सार्वजनिकरीत्या वाजलं-गायलं गेलं तर त्यांच्या सभासदांच्या शब्द-चालीसाठी ती लायसन्स देते. तसंच रेकॉर्ड वाजवण्यासाठी पीपीएल, म्हणजे फोनोग्राफिक परफॉर्मन्स लिमिटेड. यातलं कुठलंही लायसन्स तुमच्या फिल्मवर गाणं चिकटवायची परवानगी देत नाही. हॉलचं लायसन्स हॉलपुरतं. गाणं कोणाचं आहे हे शोधायला मात्र आयपीआरएसचा उपयोग होतो. संगीतकार किंवा गीतकार त्यांचा सभासद असेल तर तिथून धागा मिळतो.

साठ वर्षांचा हिशोब

परवानगी मागण्याआधी ती लागते का हे बघा. भारतात शब्द आणि चाल यांचा कॉपीराइट कर्त्याच्या हयातीत, आणि मृत्यूच्या पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून साठ वर्षं. ध्वनिमुद्रणाला गायकाच्या मृत्यूशी देणं-घेणं नाही. ते ज्या वर्षी प्रसिद्ध झालं त्याच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं मोजायची. म्हणजे १९६५ साली बाजारात आलेली तबकडी १ जानेवारी २०२६ ला मोकळी झाली.

एक उदाहरण घेऊ. भा. रा. तांबे ग्वाल्हेरचे राजकवी, म्हणजे आम्हा माळव्यातल्या मराठी लोकांना जवळचे. ते गेले १९४१ साली, तेव्हा त्यांची "जन पळभर म्हणतील" ही कविता १ जानेवारी २००२ पासून सगळ्यांची झाली. ती वाचा, छापा, तुमच्या चालीत गा, कोणी विचारणार नाही. पण आपल्या कानात ती बसली आहे वसंत प्रभूंच्या चालीत. प्रभू गेले १९६८ साली, म्हणून चाल ३१ डिसेंबर २०२८ पर्यंत बांधलेली आहे. आणि लता मंगेशकरांनी गायलेल्या रेकॉर्डचा हिशोब तिसरा, ती प्रसिद्ध झाली त्या वर्षावरून. लताबाईंचा जन्म इंदूरचा, १९२९ चा, त्यामुळे त्यांचं गाणं म्हणजे घरचंच असं आमच्याकडे सगळे धरून चालतात. कायदा तसं धरत नाही.

लक्षात घ्या, रेकॉर्ड मोकळी झाली तरी तिच्यातली चाल मोकळी होत नाही. जुन्या तबकड्या जमवणारे लोक इथेच फसतात. "माझ्याकडे मूळ तबकडी आहे," असं सांगणारे तर आणखीच. तबकडी तुमची, हक्क दुसऱ्याचा.

याच्या उलट टोकाला नाट्यसंगीत. १९१६ सालच्या "संगीत स्वयंवर" या नाटकाचे शब्द कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे, ते गेले १९४८ साली. चाली भास्करबुवा बखल्यांच्या, ते गेले १९२२ साली. दोन्ही केव्हाच मोकळं झालं आहे. तुमच्या ओळखीच्या गायिकेला बसवा, पेटी-तबला घ्या, नव्याने रेकॉर्ड करा, शब्द-चालीसाठी कोणाची परवानगी नको. पण अलीकडच्या कुणाच्या सीडीतलं तेच पद उचललं तर त्या सीडीची कंपनी उभी राहील, आणि तिचं बरोबरच असेल.

अभंगांचंही हेच. तुकोबांचे शब्द आपले सगळ्यांचे. आषाढीच्या व्हिडिओला आपल्याला हवी असते ती चाल मात्र बहुतेक वेळा गेल्या पन्नास-साठ वर्षांतल्या संगीतकाराची असते. देवाचं गाणं म्हणून ती फुकट होत नाही.

इंटरनेटला सीमा नसते, कायद्याला असते. युरोपात मृत्यूनंतर सत्तर वर्षं धरतात, अमेरिकेचे नियम आणखी वेगळे. प्रेक्षक मुख्यतः भारतातले असतील तर भारताचा हिशोब आधी करा, पण एखाद्या देशात व्हिडिओ अडला तर दचकू नका.

चारचौघांत ऐकलेले नियम

दहा सेकंद चालतात, तीस चालतात, एक मिनिट चालतं: आपल्या कायद्यात असा सेकंदांचा आकडा कुठेही नाही. "श्रेय मूळ कलाकारांना" लिहिल्याने परवानगी मिळत नाही. "आम्ही पैसे कमवत नाही" याने फी कमी होऊ शकते, गरज संपत नाही. स्पीड वाढवून किंवा पट्टी बदलून मशीनला चकवणं, हे तर चोरी कळूनसवरून केल्याचा पुरावा तयार करणं झालं.

सवलती आहेत, पण अरुंद. समीक्षा किंवा टीका करताना, चालू घडामोडी सांगताना गरजेपुरता अंश वापरता येतो. गाण्याच्या लयीवर बोलताना ती ओळ वाजवून दाखवली तर बाजू मांडता येते, पण आजीच्या दिव्याखाली पार्श्वसंगीत म्हणून वाजवलं तर नाही. हौशी मंडळाने विनातिकीट श्रोत्यांपुढे गाणं सादर केलं तर त्यालाही कायद्यात सूट आहे, आणि लग्नाच्या वरातीत वाजणाऱ्या गाण्यालाही. दोन्ही सवलती त्या जागेपुरत्या, त्या समारंभापुरत्या. त्याचा व्हिडिओ करून चॅनेलवर टाकणं ही वेगळी गोष्ट. आमच्याकडचे लग्नाचे व्हिडिओवाले हे ऐकून हसतात, आणि दर सीझनला त्यांचे दोन-चार व्हिडिओ म्युट होतात.

इन्स्टाग्रामवर गाण्यांची यादी समोर असते म्हणून ती सगळ्यांना सगळ्या कामासाठी खुली आहे असं वाटतं. ती लोकप्रिय गाणी वैयक्तिक, बिगरव्यावसायिक वापरासाठी असतात. दुकानाची किंवा क्लासची जाहिरात त्यात बसत नाही. त्यांचा वेगळा साउंड कलेक्शन आहे, तो जाहिरातीलाही चालतो, पण त्यांच्याच ॲपांपुरता. तीच रील यूट्यूबवर टाकली की प्रश्न पुन्हा पहिल्यापासून.

काय हवंय ते आधी कागदावर

माझी पहिली मेल दोन ओळींची होती. "आम्ही मराठी मंडळ आहोत, आपलं अमुक गाणं आमच्या फिल्ममध्ये वापरायची परवानगी द्यावी ही विनंती." तीन आठवडे उत्तर नाही. मला वाटलं, इंदूरच्या मंडळाला कोण विचारतंय. नंतर लक्षात आलं, त्या मेलवर कोणी उत्तर देणार तरी काय? किती सेकंद, कुठे, किती वर्षं, पैसे देणार की नाही, काहीच नव्हतं.

मग वहीचं एक पान घेतलं आणि लिहिलं: गाण्याचं नाव, गीतकार, संगीतकार, गायक, कोणती आवृत्ती (त्याच गायकाचं त्याच गाण्याचं दुसरं रेकॉर्डिंगही असू शकतं). गाण्यातला कोणता भाग, म्हणजे १ मिनिट ५ सेकंदांपासून १ मिनिट ४७ सेकंदांपर्यंत. फिल्ममध्ये तो कुठे येतो आणि पडद्यावर काय चाललंय. फिल्म कुठे दाखवणार: यूट्यूबच्या अमुक चॅनेलवर, मंडळाच्या फेसबुक पानावर, आणि वर्षातून एकदा हॉलमध्ये. कोणते देश. किती वर्षं. जाहिराती चालू की बंद. प्रायोजक आहे का. फिल्मचं एकूण बजेट किती. हे पान तयार झालं की निम्मं काम झालं. वर, लिहिताना आपल्यालाच कळतं की काही गोष्टी नको होत्या. आम्ही "सर्व माध्यमं, कायमस्वरूपी" असं मनात धरलं होतं, आणि फिल्मची गरज होती दोन ठिकाणं आणि पाच वर्षं.

दार कुठलं?

तबकडी, कॅसेट किंवा सीडीच्या पाकिटावर बारीक अक्षरांत गोलातला "पी" आणि त्यापुढे साल व नाव असतं. तो ध्वनिमुद्रणाचा मालक, आणि तेच प्रसिद्धीचं साल. गोलातला "सी" सहसा वेष्टन, छपाई वगैरेचा असतो. दोन्हींची गल्लत करू नका. पाकीट नसेल तर गाण्याच्या अधिकृत यूट्यूब अपलोडखालचं वर्णन उघडा, स्ट्रीमिंग ॲपवर गाण्याची माहिती बघा, तिथे लेबलचं नाव असतं. स्ट्रीमिंगवर आलेल्या बहुतेक रेकॉर्डिंगना आयएसआरसी नावाचा एक क्रमांक असतो, तो आयएफपीआय या रेकॉर्ड कंपन्यांच्या जागतिक संघटनेच्या संकेतस्थळावर शोधता येतो. अर्जात तो क्रमांक टाकला की "कोणतं रेकॉर्डिंग?" हा प्रश्नच उरत नाही.

कंपन्या विकल्या जातात, नावं बदलतात. कुत्रा आणि भोंग्याच्या चित्राची जुनी एचएमव्हीची तबकडी हातात असेल तर आज पत्र जातं सारेगामाकडे. कंपनीला लिहिताना साध्या ग्राहक-सेवेच्या पत्त्यावर न लिहिता "लायसन्सिंग" किंवा "सिंक" विभाग शोधा.

कवी-संगीतकारांच्या वारसांना शोधण्याचा मार्ग मात्र अजून माणसांतूनच जातो. आम्हाला संगीतकारांच्या मुलीचा नंबर मिळाला तो त्यांच्या गाण्यांचे कार्यक्रम करणाऱ्या एका निवेदकाकडून, तोही दोन फोननंतर. त्यांना मेल न करता आधी फोन केला. पुण्याच्या ताई, वयाने मोठ्या.

"इंदूरहून बोलतोय, ताई. आमच्या फिल्ममध्ये बाबांची चाल…"

"कुठल्या ओळी घेताय?"

"दुसरं कडवं. शेवटच्या दोन ओळी येत नाहीत, तिथे दृश्य संपतं."

थोडा वेळ काही आवाज नाही. मग म्हणाल्या, "कडवं तोडू नका. बाबांना ते आवडायचं नाही. पूर्ण घेत असाल तर माझी हरकत नाही, काय तो कागद पाठवा."

बेचाळीस सेकंदांचे एकावन्न झाले. दृश्य लांबवलं. दिवा लावून झाल्यावर आजी पदराने हात पुसतात, तो शॉट आम्ही आधी कापला होता, तो परत घेतला, आणि खरं सांगायचं तर फिल्म सुधारली. पण कंपनीकडे तोवर बेचाळीस सेकंदांचा अर्ज गेला होता. वाढलेल्या नऊ सेकंदांसाठी तो नव्याने करावा लागला, आणखी दहा दिवस. म्हणून क्रम असा ठेवा: आधी शब्द-चालीचे मालक, मग रेकॉर्डवाले. माणसांच्या अटी चित्र बदलायला लावतात, कंपनीच्या अटी बहुधा पैशांच्या आणि मुदतीच्या असतात.

कोणीच सापडलं नाही तर? कर्ता किंवा मालक सापडत नसलेल्या कृतीसाठी सक्तीचं लायसन्स मागण्याची तरतूद कायद्याच्या कलम ३१-ए मध्ये आहे. त्यासाठी इंग्रजी दैनिकात जाहीर सूचना देण्यापासून सुरुवात होते. चौदा मिनिटांच्या फिल्मसाठी मी त्या वाटेला जाणार नाही. गाणं बदलेन.

पत्र

कंपनीला पाठवलेल्या दुसऱ्या मेलचा मसुदा देतो. पाठवली इंग्रजीत, विचार मराठीत केला होता:

"विषय: अमुक गाण्याच्या ५१ सेकंदांसाठी मास्टर आणि सिंक परवानगी.

इंदूरच्या आमच्या नोंदणीकृत मराठी मंडळाने शहरातल्या जुन्या घरांवर १४ मिनिटांचा माहितीपट केला आहे. त्याच्या शेवटच्या दृश्यात आपल्या खालील ध्वनिमुद्रणाचा १:०५ ते १:५६ एवढा भाग वापरू इच्छितो. (इथे गाणं, गायक, आयएसआरसी क्रमांक.) वापर: मंडळाचे यूट्यूब चॅनेल आणि फेसबुक पान, जगभर, पाच वर्षे, शिवाय मंडळाच्या सभागृहात विनातिकीट प्रदर्शन. व्हिडिओवर जाहिराती नाहीत, प्रायोजक नाही. चालीच्या मालकांची लेखी संमती सोबत जोडली आहे. शब्दांचे हक्क आपल्याकडे आहेत असे आम्हांस समजते. तसे नसल्यास कृपया कळवावे. दृश्याची खासगी लिंक सोबत आहे. फी, कराराचा मसुदा आणि लागणारा वेळ कळवावा. आमची प्रकाशनाची तारीख अद्याप ठरलेली नाही."

शेवटचं वाक्य मुद्दाम. "परवा गणपती बसतायत, उद्यापर्यंत सांगा" असं लिहिलं की उत्तर तरी येत नाही, नाहीतर येतं ते महाग. गणेशोत्सवाच्या व्हिडिओसाठी परवानगी मागायची तर जेठात मागा.

या मेलला चार दिवसांत उत्तर आलं. पंधरा दिवसांत उत्तर नसेल तर एकदा आठवण करा, मग आणखी एकदा, फोन करा. पण उत्तर नाही म्हणजे होकार, असं कधीही समजू नका.

फी आणि कागद

पहिला आकडा आला तो मंडळाच्या वर्षाच्या खर्चाएवढा होता. तो इथे लिहीत नाही, करारात गुप्त ठेवायचा आहे. (गाण्याचं नावही म्हणूनच नाही.) नव्याने बोलणारे इथे एक तर हाय खातात किंवा "आम्ही समाजसेवा करतो" म्हणून गयावया करतात. दोन्हींपेक्षा मागणी आखडून बघा. फेसबुक काढलं, हॉलमधलं प्रदर्शन काढलं, फक्त यूट्यूबचं एक चॅनेल ठेवलं, आणि आमचं बजेट खरं खरं लिहून कळवलं. आकडा आमच्या आवाक्यात आला. जीएसटी धरून की वेगळा, हे त्याच मेलमध्ये विचारून घ्या.

मग करार. आपल्या कायद्यात लायसन्स लेखी असावं लागतं, फोनवरचं "हो हो, वापरा" पुरत नाही. कागदात आणखी एक खोच आहे, आणि ती मला वाटतं या सगळ्या लेखातली सर्वात उपयोगी गोष्ट आहे. मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. यूट्यूब जगभर दिसतं. "जगभर" हा एक शब्द राहिला तर पुण्यात व्यवस्थित दिसणारी फिल्म न्यू जर्सीतल्या भाच्याला बेकायदा दाखवत असता.

मी कागदावर एवढं तपासलं: गाणं आणि आवृत्ती नेमकी, सेकंद नेमके, चॅनेलचा पत्ता, जगभर, मुदत कोणत्या तारखेपासून, मुदत संपल्यावर फिल्म काढायची की गाणं म्युट करून चालेल. "हे हक्क देण्याचा आम्हाला अधिकार आहे" असं समोरच्याचं वाक्य. श्रेय कसं लिहायचं. आणि स्वयंचलित क्लेम आल्यास किती दिवसांत सोडवणार. फिल्मची छोटी रील कापणार असाल तर तीही आत्ताच लिहून घ्या, नंतर ती "वेगळा वापर" ठरते.

नाहीच मिळाली तर

दुसऱ्या एका व्हिडिओसाठी आम्हाला नकार आला. तिथे चार रस्ते होते. यूट्यूब स्टुडिओतली ऑडिओ लायब्ररी फुकट आहे, काही तुकड्यांखाली श्रेय लिहावं लागतं, तेवढं करा. "रॉयल्टी-फ्री" साइटवर फुकट असतंच असं नाही. तिथे एकदा पैसे देऊन ठरलेल्या अटींत वापरायचं असतं, आणि पावती जपायची असते. क्रिएटिव्ह कॉमन्स लायसन्सचं संगीत घेताना अक्षरं वाचा: "एनसी" म्हणजे व्यापारी वापर नाही, "एनडी" म्हणजे बदल नाही, आणि चित्रावर संगीत बसवणं हा बदलच धरतात. म्हणजे एनडी व्हिडिओला चालत नाही. "एसए" असेल तर तुमची फिल्मही त्याच लायसन्सने खुली करावी लागते.

चौथा रस्ता मला सर्वात आवडतो: आपलं संगीत करून घेणं. शहरात पेटी वाजवणारी, सतार वाजवणारी, घरच्या घरी नीट रेकॉर्डिंग करणारी मुलं आहेत. लोकमान्य नगरच्या एका मुलाने आम्हाला दोन संध्याकाळी बसून तीन तुकडे दिले. पण इथेही कागद लागतो. पैसे दिले म्हणून चाल आपोआप आपली होत नाही. ती ज्याने बांधली त्याचीच राहते, तो लेखी देईपर्यंत. वाजवणाऱ्यांचे कलाकार म्हणून हक्क असतात, त्यांचीही संमती घ्या. एक पानाचा मजकूर पुरतो: कोणता तुकडा, कोणी बांधला, कोणी वाजवला, मंडळाला काय करायची मुभा, जगभर, किती वर्षं, किती पैसे दिले, श्रेय कसं. वर्षं आणि प्रदेश इथेही लिहायला विसरू नका, मघाची खोच इथेही लागू आहे. घरचाच मुलगा आहे, कशाला कागद, असं म्हणणारे काका प्रत्येक मंडळात असतात. त्यांना हो म्हणायचं आणि कागद करायचा.

चढवताना, आणि क्लेम आल्यावर

परवानगी हातात असूनही आमच्या फिल्मवर पुन्हा क्लेम आला. घाबरायचं कारण नाही. कंटेंट आयडी हे मशीन आवाज ओळखतं, करार वाचत नाही. क्लेम आणि स्ट्राइक यांत फरक आहे. क्लेममध्ये व्हिडिओ अडू शकतो किंवा जाहिरातीचे पैसे मालकाकडे जातात, चॅनेलला डाग लागत नाही. स्ट्राइक म्हणजे मालकाने रीतसर तक्रार करून व्हिडिओ उतरवायला लावला. नव्वद दिवसांत तीन स्ट्राइक आले तर चॅनेलच बंद होऊ शकतं.

आम्ही आधी कंपनीला करारातलं ते कलम दाखवून व्हिडिओची लिंक पाठवली, दोन दिवसांत क्लेम सुटला. तसं झालं नाही तर यूट्यूबवरच क्लेमला हरकत घेता येते. लायसन्स आहे हे कारण निवडून कराराची तारीख आणि क्रमांक लिहायचा. समोरच्याला उत्तर द्यायला तीस दिवस असतात. हातात कागद नसताना मात्र नुसत्या आशेवर हरकत घेऊ नका, पुढची पायरी स्ट्राइकची असू शकते.

म्हणून आता आमच्याकडे नियम आहे की फिल्म आधी खासगी ठेवून चढवायची, तीन-चार दिवस क्लेम येतो का बघायचं, सोडवायचा, आणि मगच लिंक ग्रुपवर. वर्णनात करारात ठरलेलं श्रेय अक्षरशः तसंच.

सगळे कागद एका फायलीत आहेत, आणि स्कॅन मंडळाच्या ड्राइव्हवर. पाच वर्षांची मुदत कधी संपते ती तारीख मंडळाच्या रजिस्टरमध्ये लिहिली आहे, जिथे बँकेच्या एफडीच्या तारखा असतात त्याच पानावर, कारण ते पान सगळे सचिव न चुकता उघडतात. त्याखाली पुढच्या सचिवांसाठी लिहून ठेवलंय: तीन महिने आधी पुण्याला ताईंना फोन करावा. कडवं तोडू नये.